पंपातलं कातडं

जळगाव,
माघ वद्य पंचमी, शके १८५९

प्रिय वच्छला,

'चिरंजीव सौभाग्यवती' सोडून सासूने 'प्रिय' काय लिहिलं, म्हणून तुझे वडील चष्मा पुसून पुन्हा वाचतील. वाचू देत. पत्र तुला आहे, पण त्यांनीही वाचावं असंच लिहिते आहे. शाळामास्तरांची मुलगी असून मी आजवर खुशालीच्या चार ओळींपलीकडे कधी काही लिहिलं नाही, त्यामुळे अक्षर वाकडं आलं आहे. बोलणं तर माझं पहिल्यापासूनच वाकडं, ते तुला नवं नाही.

तुझ्या वडिलांची साक्रीहून दोन पत्रं आली. हात बरा झाला, मुलीला न्यायला कधी येता, एवढंच त्या भल्या माणसाने विचारलं. पितांबरने एकालाही उत्तर दिलं नाही. तुझं कामात लक्ष नसतं, उद्या घर पेटवशील, असं एकदा बोलला, तेवढंच. माझाच मुलगा, हट्ट कुठून आला ते वेगळं सांगायला नको. शेजारची झुंबरबाई परवा ओट्यावर बसून म्हणाली, "अक्का, दुसरी सून देखा आते." तिला मी चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. पण तिने ते म्हणावं इतकी वेळ आली, ती कोणामुळे, हे मला ठाऊक होतं.

स्टोव्ह घरात आला तो माझ्या छातीसाठी. चुलीतल्या पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, धुराने मी खोकून खोकून वाकायची आणि तू पाठ चोळायचीस. पितांबरच्या मागे लागून तू तो आणवलास, आणि मी तुझे आभार मानायचे सोडून नाक मुरडलं. चार दिवस तुझं आपलं स्टोव्हचं बस्तान बसवणं चाललं होतं. खिडकीजवळ सपाट फरशी बसवलीस, स्टोव्ह डुगडुगतो का ते दहादा हलवून पाहिलंस, वरची कपड्यांची दोरी सोडलीस, रॉकेलचा डबा पार ओसरीत नेऊन ठेवलास. पदर खोचल्याशिवाय काडी ओढायची नाही, पेटत्या स्टोव्हात रॉकेल घालायचं नाही, अशी मला, या घरात तीस वर्षं रांधलेल्या बाईला, ताकीद! चूल कधी अशी मिजास करत नाही, असं मी म्हणाले होते. तू हसलीस आणि बर्नरवर उतू गेलेलं दूध खरवडत बसलीस. स्टोव्ह निवल्यावर तो पुसून, पीन फिरवून ठेवल्याशिवाय तू कधी जेवायला बसली नाहीस. पंधरा दिवसांत मी मधे न खोकता सगळी आरती म्हणू लागले. तेव्हाही तुला काही बोलले नाही. आज बोलते. तू मला माझा श्वास परत दिलास, पोरी.

मग कोणीतरी माझ्या कानात सांगितलं की पंपाच्या दांड्याला आत कातड्याचा वायसर असतो. देवाचा नैवेद्य शिजतो तिथे कातडं! मी घर डोक्यावर घेतलं. ते आत बंद असतं, अन्नाला लागत नाही, असं तू शांतपणे समजावलंस. मी गप्प झाले. तुला वाटलं, म्हातारीला पटलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते झालं. तू स्पिरिट पेटवलंस, पंप मारलास, दम धरेना म्हणून मारतच राहिलीस, आणि एकदम पिवळा लोळ छातीइतका उठला. त्यातही तू हवेचा स्क्रू सोडलास, ओलं गोणपाट टाकलंस, आणि मला आधी बाहेर ढकललंस. तुझा डावा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. मी तुझ्या हातावर पाणी ओतत होते आणि पितांबर तुला रागावत होता. तू मान खाली घालून ऐकत होतीस. मीही ऐकत होते.

तू माहेरी गेलीस, स्टोव्ह माळ्यावर गेला, चूल पेटली, खोकला परत आला. गेल्या आठवड्यात मी स्टोव्ह उतरवून घेतला आणि बाजारात इसाकभाईंकडे स्वतः घेऊन गेले. त्यांनी दांडा ओढून पाहिला नि म्हणाले, "अक्का, पंपामा कातडंच नई. बठ्ठा दम तर कातडामाच ऱ्हास." सगळा दम म्हणे त्या कातड्यातच असतो. नवा वायसर मी माझ्या या हातांनी गोड्या तेलात मळून मऊ केला. काल स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत लागली, चहा झाला, आणि तो कप पितांबरच्या पुढे ठेवून मी त्याला सगळं सांगितलं. झुंबरबाईलाही हाक मारून बसवून घेतलं होतं.

तेच तुला लिहायला हे पत्र. कातडं मी काढलं होतं, वच्छला. त्याच्या जागी आपल्याच शेतातल्या कापसाची घट्ट वात वळून, तुपात भिजवून, दांड्याला गुंडाळली. दम धरेपर्यंत स्पिरिट जळून गेलं, बर्नर थंड पडला आणि कच्चं रॉकेल उडालं, असं इसाकभाई म्हणतात. त्या दिवशी तुझ्या हाताला कोरफड लावून झाल्यावर ती वात गुपचूप काढायला मी गेले, तर पंप आधीच रिकामा. म्हणजे तुला कळलं होतं, आणि वात तूच काढून टाकली होतीस. तरी साडेतीन महिने तू माहेरात बेपर्वा म्हणवून घेतलंस आणि माझं नाव घेतलं नाहीस. गुरुवारच्या मोटारीने मी धुळ्याला आणि तिथून साक्रीला येते, एकटी. पितांबरला आणत नाही. त्याने मागायची माफी त्याने वेगळी येऊन मागावी. माझ्याबरोबर यायचं की नाही ते तू ठरव, नाही म्हणालीस तरी माझा राग नाही. पण भाजल्या हाताने तू माझी चूक लपवलीस, ती मला तुमच्या अंगणात उभं राहून, सगळ्यांच्या देखत, माझ्या तोंडाने सांगू दे.

तुझीच सासू,
भिकुबाई