दोन दिवसांचा शॉवर

४ मार्च, सकाळ

आपल्या घरात दिवसाला किती पाणी लागतं? काल ऑफिसच्या मीटिंगमध्ये सरांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही. श्रीमंत देशांत माणशी किती लागतं ते विचारलं असतं, तर दशांशासकट सांगितलं असतं. पर्यावरणशास्त्रातली पदवी आहे माझी. घराण्यातली पहिली. फ्रेम करून भिंतीवर लावली आहे, पाण्याच्या पिंपाच्या बरोबर वर.

घरचं पाणी आई आणि वहिनी भरतात, त्यामुळे आकडा त्यांच्याकडे असणार. आईला विचारलं. म्हणाली, असेल तेवढं लागतं.

हे स्लाइडवर टाकता येत नाही.

४ मार्च, संध्याकाळ

मोठी बातमी! आमची संस्था ज्या परदेशी फंडाच्या मदतीने नळयोजना आणते, तिथून एक बाई येणार आहेत. टेकडीवरची वस्ती आणि आमची वस्ती, अशा दोन बघणार. योजना एकीलाच मिळणार. प्रत्येक वस्तीत एका घरी दोन दिवस राहून पाणीटंचाई प्रत्यक्ष अनुभवणार. आमच्या वस्तीतलं घर कोण देईल, असं सरांनी विचारायचा अवकाश, मी हात वर केला.

घरोघरी नळ. चार दिवसांनी येणारा तो टँकर कायमचा बंद. आणि हे सगळं माझ्या हातून!

संकल्प: काहीही लपवायचं नाही. आहे तसं दाखवायचं.

६ मार्च

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, झोपणार कुठे? आई म्हणाली, अंघोळ कुठे करणार? वहिनी म्हणाली, त्याच्याही आधी सकाळी कुठे जाणार ते विचारा. दादा जेवता जेवता हसत सुटला.

मी शांतपणे समजावलं की आपली अडचण दाखवणं हाच तर उद्देश आहे. आई म्हणाली, पाहुण्याला कुणी अडचण दाखवतं का गं?

जनजागृतीची सुरुवात घरापासून करावी लागते, हे किती खरं आहे.

९ मार्च

आज मोरी पाहुण्यांच्या नजरेने बघितली. बघायला नको होती.

दाराच्या जागी जुनी चादर. फुटकी फरशी. कोपऱ्यात भांडी घासलेल्या पाण्याची बादली (ते पाणी आम्ही संडासात वापरतो, जगातले तज्ज्ञ हेच करा म्हणून सांगतात). बादलीवर साय धरली होती. आतापर्यंत ती मला कधी दिसली कशी नाही?

संकल्पात किरकोळ दुरुस्ती: आहे तसं दाखवायचं, पण स्वच्छ. चादरीच्या जागी दार. बस्स, एवढंच.

१२ मार्च

दार बसलं. दारामुळे फरशी जास्तच फुटकी दिसते. फरशीही बदलली.

दादा नळकाम करतो. नव्या इमारतींमध्ये लोकांच्या बाथरूमला शॉवर बसवतो आणि घरी येऊन तांब्याने अंघोळ करतो. त्याला म्हटलं, एक शॉवर आपल्याकडेही बसव, फक्त दोन दिवस. तो म्हणाला, बसवतो की, पण पाणी काय फोनवरून सोडू?

मी म्हटलं, छपरावर टाकी ठेवू. तो म्हणाला, ताईसाहेब, तुम्ही टंचाई दाखवताय की लपवताय?

अर्धवट माहितीवर बोलायची त्याची सवय जुनीच आहे. यात पाहुण्यांच्या सन्मानाचा प्रश्न आहे. टंचाई मी तोंडी सांगेनच. तीस स्लाइड तयार आहेत.

१५ मार्च

टाकी आली. दादाच्या ठेकेदाराकडून, परत करायच्या बोलीवर. रिकामी टाकी इतकी मोठी दिसते, याची कल्पना नव्हती.

आमचं पिंप पूर्ण ओतलं तरी तिचा तळ जेमतेम भिजेल. म्हणून गल्लीत घरोघरी जाऊन एकेक हंडा मागितला. नळ आले की दुपटीने परत करते, म्हटलं. आमच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे निळं पिंप आणि झाकणाला कुलूप असतं. पैसे उसने मागितले तर लोक विचारतात, किती? पाणी मागितलं तर विचारतात, का? पण बाहेरच्या बाई येणार म्हटल्यावर सगळ्यांनी किल्ल्या काढल्या.

शेजारच्या काकूंकडे जायचं धाडस होत नव्हतं. त्यांची सून बाळंत होऊन महिनाही झाला नाही, दिवसभर दुपटी धुणं चालू असतं. पण काकूंनी स्वतःच हाक मारली. दोन हंडे काढून ठेवले होते. म्हणाल्या, गल्लीची लाज आहे, एका हंड्यात राहायची नाही.

मी खूप भारावले. यावर एक स्लाइड करायला हवी: 'सामुदायिक सहभाग'.

१८ मार्च

बाई आल्या. उंच, बोलायला गोड, आईपेक्षा थोड्या लहान असतील. आईने खुर्ची दिली, त्या जमिनीवर बसल्या. मग आईही होती तिथेच खाली बसली. बराच वेळ दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या.

बाईंनी बॅगेतून एक वाळूचं घड्याळ काढलं, बोटाएवढं. त्यांच्या गावीही उन्हाळ्यात पाणी कमी पडतं म्हणे! बागेला पाइप लावायला बंदी, गाडी धुवायला बंदी, आणि वाळू संपायच्या आत अंघोळ उरकायची. इतक्या श्रीमंत देशात! मी थक्क झाले. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे वाळू संपते, पाणी नाही.

बाईंनी वाळू संपायच्या आत अंघोळ केली. शिस्त बघा. बाहेर येऊन म्हणाल्या, प्रेशर उत्तम आहे. दादा छपराकडे बघून खोकला.

स्लाइड दाखवायला घेतल्या, पण त्या दमल्या होत्या. उद्या.

१९ मार्च

आज थोडा घोळ झाला.

सकाळी बाईंना काहीतरी मदत करायची होती. मी आत चहा करत होते. बाहेर आले तर त्या शॉवरखाली भरलेल्या दोन बादल्या घेऊन गल्लीच्या तोंडाकडे निघालेल्या. तिथे एक वाळत चाललेलं झाड आहे. त्याखाली आम्ही टँकरची वाट बघतो. बाईंनी पहिली बादली झाडाच्या मुळाशी ओतली. सगळी गल्ली दारात उभी होती. पाणी मुरताना त्याचा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं.

दुसरी बादली उचलल्यावर काकू मोठ्याने म्हणाल्या, घाल बाई, घाल. आमच्या बाळाची दुपटी कोरडीच वाळतील, झाड तरी जगू दे.

बाईंनी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी म्हटलं, थँक्यू म्हणाल्या. बाईंनी काकूंना हात जोडले. काकूंनीही जोडले. माझ्याकडे बघून जोडले.

प्रसंगावधान यालाच म्हणत असावेत.

१९ मार्च, संध्याकाळ

बाईंनी आईची मुलाखत घेतली. दुभाषी मी. त्यांनी विचारलं, पाण्याची परिस्थिती कशी आहे?

मला वाटलं होतं आई लाजेल. ती बोलायलाच लागली. टँकर कधी येतो, कधी नुसताच निरोप येतो. खांदा असा दुखतो की हात वर करून केस बांधता येत नाहीत. आणि मग अगदी सहज म्हणाली, पोरगी कॉलेजला जायची तेव्हा तिला रोज अंघोळीला मिळावं म्हणून आम्ही सासूसुना एक दिवसाआड करायचो. आम्हाला काय, आम्हाला कुठे जायचं असतं?

वहिनी मान खाली घालून ताट पुसत होती. पुसलेलंच ताट.

मला हे माहीत नव्हतं. मी तीन वर्षं रोज केस धुऊन कॉलेजला जात होते.

बाई पेन धरून वाट बघत होत्या. मी म्हटलं, आई म्हणते की आम्ही नीट भागवतो.

भाषांतरात सारांश चालतो. भावना जास्त झाल्या की माहितीची विश्वासार्हता कमी होते, असं आम्हाला शिकवलं आहे.

स्लाइड राहूनच गेल्या.

२० मार्च

बाई गेल्या. जाताना वाळूचं घड्याळ मला भेट दिलं. आईला मिठी मारली तेव्हा नेमका दुखरा खांदा धरला, पण आई हसत होती.

टाकी परत गेली. शॉवर तेवढा राहिला. वहिनी त्यावर पोतेरं वाळत घालते.

२ एप्रिल

रिपोर्ट आला. सरांनी मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या वस्तीबद्दल: पाणीपुरवठा समाधानकारक. पाहिलेल्या घरात चांगल्या दाबाचा शॉवर. रहिवासी समाधानी असून झाडांनाही पाणी घालू देतात. शिफारस: टेकडीवरची वस्ती.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, तुमच्याकडे शॉवर आहे?

मी म्हटलं, होता.

३ एप्रिल

शांतपणे विचार केला. दोन दिवसांच्या निरीक्षणावर निष्कर्ष काढणं, ही पद्धतच चुकीची आहे. शिवाय टेकडीवरच्या बायका पाण्यासाठी डोंगर उतरून खाली येतात. त्यांची गरज खरोखर मोठी आहे. या दृष्टीने पाहिलं तर आमच्या गल्लीने एक प्रकारचा त्यागच केला, आणि मी त्याचं निमित्त झाले.

वहिनीला हे सांगितलं. ती म्हणाली, त्याग आपल्या पिंपातला करावा, काकूंच्या नाही.

काकूंनी वाटेत अडवलं. रिपोर्ट आला का गं? मी म्हटलं, आला. चांगला आहे का? मी म्हटलं, खूप चांगला आहे.

यात एकही शब्द खोटा नाही.

९ एप्रिल

गल्लीत नळाची चर्चा. कुणाच्या दारात कुठल्या बाजूने पाइप येणार यावरून दोन घरांत भांडण. आई मला काही विचारत नाही. सकाळी अंघोळीचं पाणी तापवून ठेवते. मी अंघोळीला एक दिवसाआड जायचं ठरवलं आहे.

१० एप्रिल

केस फारच तेलकट दिसत होते. ऑफिसात मीटिंग होती. उद्यापासून.

१३ एप्रिल

काकूंच्या दारापुढे नेहमीच्या दोनऐवजी एकच पिंप. दुसरं कुठे गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, लेकीकडे पाठवलं. तिच्याकडे साठवायला काही नाही, आणि आपल्याकडे आता नळच येणार म्हटल्यावर दोन दोन पिंपं काय करायची? तुझ्यामुळे गं बाई, म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. ओल्या हाताने. दुपटी धूत होत्या.

घरी येऊन मोरीत बसून राहिले. आईने दार वाजवलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, अंघोळ करते. आत पाण्याचा आवाज नव्हता. आईने परत विचारलं नाही.

टाकी माझी. शॉवर माझा. थँक्यूही माझंच. रिपोर्ट लिहिणाऱ्या बाईंनी जे बघितलं आणि ऐकलं तेच लिहिलं. पद्धत बरोबर होती.

हे इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि इथे लिहून कुणाच्या पिंपात थेंब पडणार नाही.

१७ एप्रिल

झालं. दोन्हीकडे सांगितलं.

ऑफिस उघडताच सरांकडे गेले. टाकी, उसने हंडे, झाड, आई काय म्हणाली आणि मी काय सांगितलं, सगळं. टेकडीवरच्यांचं काही काढून घेऊ नका, फक्त आमच्याबद्दल लिहिलंय ते खरं करा, एवढी विनंती केली. सर बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, दुरुस्ती पाठवतो. पण या वर्षीचा पैसा गेला. पुढच्या वर्षी नाव पुन्हा घालू, मिळेलच असं नाही. आणि दुभाषाचं काम यापुढे तुमच्याकडे नको. मी म्हटलं, बरोबर आहे.

मग सुट्टी टाकून घरी आले. टँकरचा दिवस होता, सगळ्या बायका झाडाखाली उभ्या होत्या. भाषण तयार केलं होतं, पण पहिलं वाक्यच आठवेना. म्हटलं, नळ येणार नाही. माझ्यामुळे. मी बाईंना खोटं सांगितलं, कारण मला आपल्या घराची लाज वाटली.

एकदम सगळ्याच बोलल्या. ते मी लिहीत नाही. माझ्या पदवीचं नाव त्यात दोनदा आलं.

काकू शेवटपर्यंत गप्प होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, त्या दिवशी तुम्ही बोललात ते मी बाईंना... त्यांनी मला मध्येच तोडलं. म्हणाल्या, माहितीये. मी थँक्यू म्हटलं नव्हतं, एवढं इंग्रजी मला कळतं. तेव्हाच बोलणार होते. पण गल्लीची लाज म्हणून मीच दोन हंडे दिले होते ना, कुठल्या तोंडाने बोलू?

आणि मग म्हणाल्या, हंडा आणलायस का? नाहीतर बाजूला हो, नंबर आहेत.

तिथेच घेतला. आईचाच. आई रांगेत होती, तिला घरी पाठवलं. माझ्या हातातला हंडा बघून तिचा विश्वास बसत नव्हता, आणि तिचं बरोबरच होतं. भरलेला हंडा कसा उचलायचा तेच मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा अर्धा अंगावर सांडला. रांगेतलं कुणीतरी ओरडलं, प्रेशर उत्तम आहे! सगळ्या हसल्या. मीही हसले, मग हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

दुसरा नीट नेला. मग तिसरा. काकूंच्या पिंपात दोन हंडे ओतले, त्यांनी झाकण उघडून धरलं. आमचं पिंप आज अर्धंच भरलं. बाकीच्या घरांचे हंडे अजून फिटायचे आहेत.

अंघोळ केली नाही. आईला आणि वहिनीला करायला लावली. आधी वहिनीला.