सरपंच स्वयंपाकघरात सापडल्या

मेहुणे राधाकृष्णराव यांस खर्ड्याहून कारभारीचा रामराम. नागापूरला तुमची रात्रपाळी सुटली का? वहिनींची कंबर काय म्हणते? इकडे सगळं ठीक (म्हणजे तुमची बहीण ठीक, मी तग धरून आहे). फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी काय बोलतो ते राजेश्वरीला पलीकडच्या खोलीतून बरोबर ऐकू जातं.

तर गेल्या आठवड्यात आपल्या ग्रामपंचायतीचा कारभार बघायला परदेशातले होतकरू पुढारी आले. कुणी तिकडचा नगरसेवक, कुणी संस्था चालवणारी. महिला सरपंचाचं गाव म्हणून मुद्दाम आपलंच निवडलेलं. आता पाहुणे म्हटले की सत्कार आलाच. मांडव घातला, हलगी लावली, सगळ्यांना फेटे बांधले, आणि मी ‘माझ्या कारकिर्दीतील विकासकामे’ यावर असा काही बोललो की उपसरपंच सहादूसुद्धा जागा राहिला. तेवढ्यात एका चष्मेवाल्या पोरीनं दुभाष्याकरवी विचारलं, आपलं पद काय? मी छाती काढून सांगितलं, सरपंचपती! दुभाष्यानं दोनदा समजावलं, तरी तिला असलं पद काही उमगेना. मग सरपंच कुठायत, म्हणाली. (आता कुठं असणार? पाहुण्यांच्या पुरणपोळ्या काय मी लाटणार होतो?)

झालं! सगळी वरात फेट्यांसकट स्वयंपाकघरात. मांडवात उरलो मी आणि हलगीवाले. शेवटी मीही दारात जाऊन उभा राहिलो. राजेश्वरी पोळी लाटता लाटता सांगत होती, टँकर कसा बंद केला, अंगणवाडीत नळ कसा आणला. काय बोलते हो तुमची बहीण! खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले (धूर नव्हता, गॅस आहे). पण मी डोळे पुसेपर्यंत त्यांनी तिला महिनाभर तिकडे यायचं आवतण दिलं, आणि ही ‘येते’ म्हणून मोकळी!

थोरांना दंडवत, पोरांना पापा.

आपला,
कारभारी (सरपंचपती)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ती गेली की खुर्चीत सहादू बसणार. मी असताना तो कशाला, म्हटलं, तर म्हणते कायद्यात नवऱ्याची तरतूद नाही. तुम्ही थोरले भाऊ. आई आजारी आहे म्हणा, वाईट स्वप्न पडलं म्हणा, पण तिला अडवा.

ता. क. दुसरा. पत्र तिनं वाचलं. रागावली नाही, उलट पाकिटावर तिकीट लावायची आठवण करून दिली. तिला निरोप द्यायला याल तेव्हा चाकांची मोठी बॅग आणा. आणि वहिनींना विचारा, भाकरी थापताना मधूनच फाटते ती कशानं? हिला विचारलं, तर म्हणते, “मी आता ऑफिसात हाय. अर्ज करा.”