चेंबर उतरवल्याची हकीकत

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. हा शब्द पत्रात सगळेच लिहितात. मी या आठवड्यात तो प्रत्यक्ष करून दाखवला आहे. फक्त उताणा, आणि तुझ्या पायांशी नाही, तुझ्या गाडीखाली. डोळे कसे आहेत? दोन्ही पट्ट्या शनिवारी सुटणार आणि रविवारी तुला घरी सोडणार असं कळलं. तोवर हे पत्र वहिनीच वाचून दाखवतील. (वहिनी, कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नये, तो तुमच्यासाठी आहे.) डोक्याला ताण देऊ नकोस, जेवण वेळेवर घे, आणि पुढचा परिच्छेद पाठीशी उशी घेऊन ऐक.

तुझी गाडी सुखरूप आहे. म्हणजे तिचा बराचसा भाग सुखरूप आहे आणि उरलेला आमच्या शेडमध्ये वर्तमानपत्रांवर मांडून ठेवला आहे. झालं असं, की तुला दवाखान्यात दाखल केल्यावर वहिनींना कपडे आणायला घरी नेताना तुमच्या त्या उभ्या चढावर एक दगड चेंबरला लागला. गाडी मी चालवत होतो. वहिनी शेजारी होत्या, आणि त्यांनी कशालाही हात लावलेला नव्हता. तेलाचा लाल दिवा लागताच मी इंजिन तत्क्षणी बंद केलं. (इथे आवाज कापू देऊ नका.)

चेंबर म्हणजे इंजिनच्या पोटाखालचं, तेल साठवणारं पसरट भांडं, हे तुला मी सांगायला नको; पण मला ते मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा मी वयाची एकावन्न वर्षं पूर्ण केली होती. ही जुनी गाडी जाणणारे गावात ते एकच. अडचण एवढीच, की त्यांच्या कमरेचा मणका सरकलेला असल्यामुळे त्यांना गाडीखाली शिरायला सक्त मनाई आहे. ते स्टुलावर बसतात, सांगतात, आणि खाली दुसरं कोणीतरी निजतं. "माझी कंबर गेली, गुरुजी," ते म्हणाले, "तुमची शाबूत आहे तोवर वापरून घेऊ." तीस वर्षं मी मुलांना संस्कृतची रूपं पाठ करायला लावून घाम फोडला. त्याचा हिशोब एका दुपारीच चुकता होईल असं वाटलं नव्हतं.

दादा, तू या गाडीखाली गाणं म्हणत शिरतोस, ते मी पाहिलं आहे. मला ते जमणार नाही. वर जवळजवळ दोन टन लोखंड, खाली चार स्टँड आणि लाकडाचे ठोकळे, आणि मधल्या वीतभर जागेत मी. भूमिशायी अवस्थेत माणसाला स्वतःच्या हृदयाचे ठोके फरशीतून परत ऐकू येतात, हे ज्ञान मला कुठल्याही ग्रंथाने दिलं नव्हतं. मी बारीक आवाजात विचारलं, गाडी हलली तर मला सांगाल ना? मिस्त्री म्हणाले, "हलली तर आधी तुम्हालाच कळेल." मग त्यांनी चहा मागवला.

बोल्ट चोवीस. त्यातले मागचे दोन लांब. कुठला कुठे होता हे विसरू नये म्हणून आमच्या हिने बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चेंबरचा नकाशा काढला. मी खालून 'डावीकडचा तिसरा' म्हणून बोल्ट सरकवायचा, हिने तो नकाशात खोचायचा. काम मोठ्या शिस्तीत झालं. सगळं संपल्यावर लक्षात आलं, की ही गाडीसमोर तोंड करून उभी आणि माझे पाय हिच्याकडे. त्यामुळे माझं डावं हिने आपलं डावं समजून खोचलं होतं. संसारात हे वरचेवर होतं, पण पुठ्ठ्यावर लेखी पुरावा प्रथमच. मिस्त्री एवढे हसले की कंबर धरून बसले. (नकाशा आता उलटा करून लावला आहे, दादाला सांगायची गरज नाही.)

बोल्ट निघाले तरी चेंबर निघेना. आधी चेंबर आणि इंजिनमधलं पॅकिंग चिकटलेलं. ते लाकडी हातोडीने ठोकून सुटलं आणि उरलंसुरलं तेल माझ्या चष्म्यावर आलं. मग चेंबर चार बोटं खाली आलं आणि पुढच्या ॲक्सलवर अडलं. साध्या गाडीत तिथे मोकळी जागा असते म्हणे. तुझी पुढच्या चाकांनाही जोर देते, म्हणून तो दांडा नेमका आडवा. उपाय काय, तर इंजिनचे खालचे आधार सोडून ते चेनपुलीने वर उचलायचं. चेनपुली शेडच्या तुळईला टांगली. दादा, ती तुळई करकरली. एकदाच, पण सविस्तर. मला बाहेर यायचं होतं, मिस्त्रींचं म्हणणं होतं की आता हात काढला तर चेंबर वाकडं अडकेल. तेव्हा मी डोळे मिटून, आठवत होतं नव्हतं ते सगळं म्हटलं. इंजिन दोन बोटं उचललं गेलं, चेंबर तिरपं होऊन सुटलं, आणि मी ते छातीशी कवटाळून बाहेर सरपटलो.

खरी भीती पुढे होती. चेंबरच्या तळाशी, काळ्या तेलात, चमचमणारा बारीक चुरा निघाला. मिस्त्रींनी तो चिमटीत घेतला, उन्हात धरला आणि चहा खाली ठेवला. म्हणाले, दिवा लागल्या लागल्या बंद केली असेल, तर हा जुनाच चुरा. धुऊन, पॅकिंग बदलून शुक्रवारी बसवू. पण तेलावाचून कोरडी चालली असेल तर इंजिन उतरवून बेअरिंग बघायची, पंधरा दिवस. मग मला पुन्हा खाली पाठवून त्यांनी इंजिनात बोट घालून चाचपायला लावलं. "हाताला ठीक लागतंय," मी म्हणालो. ते म्हणाले, "हाताचं काय घेऊन बसलात? खरं काय ते चालवणाऱ्याला माहीत." चालवणारा मीच असल्यामुळे मी चष्म्यावरचं तेल पुसायला घेतलं.

तेव्हा काळजी नसावी. तुमच्या चढावर दुसरी कुठलीच गाडी जात नाही, हे आम्ही विसरलेलो नाही.

तुझा धाकटा,
ज्याच्या अंगाला अजून तेलाचा वास येतो

ता. क. (वहिनी, दादाला झोप लागली की बाहेरच्या बाकावर बसून हे वाचा.) ठरल्याप्रमाणे दगड मी अंगावर घेतला. पण 'तत्क्षणी' हा शब्द मी, तेव्हा गाडीत नव्हतो तरी, लिहिला आहे. किल्ली घेऊन तुम्ही एकट्याच गेला होतात. फोनवर विचारलं तर 'थोडाच वेळ' म्हणालात, आणि मागून दादाने 'कसला वेळ' विचारलं म्हणून फोन ठेवलात. मिस्त्रींना थोडा चालत नाही, आकडा लागतो. दिवा लागल्यापासून किती मिनिटं चालवलीत, तेवढंच चिठ्ठीवर लिहून ही डबा न्यायला येईल तेव्हा रिकाम्या डब्यात टाका. दगडाचं वर्णन नको. माझी भीड धरून कमी लिहू नका. रविवारी इंजिन जाम झालं तर ते त्याच चढावर होईल, आणि आत आपण तिघे असू. दादा रागावेल म्हणून घाबरत असाल तर मीही त्याला घाबरतो, चाळीस वर्षं. पण त्याहून मी त्या उताराला घाबरतो.

ता. ता. क. दादा, पट्ट्या ठरल्याच्या आधी सुटल्या असतील आणि हे तूच वाचत असशील, तर गाडी मीच चालवत होतो. मिनिटं तेवढी वहिनींना विचारून कळव.