जर्सी कोणाच्या हातून

ओलाया, रियाध
२४ मे २००५

चि. शर्विल,

आशीर्वाद आहेतच, ते काही टपालाच्या तिकिटावर अवलंबून नाहीत. हेमलता, तू हे त्याला वाचून दाखवणार, म्हणून आधी तुझं काम सांगतो. आपल्या जुन्या कुकरची शिट्टी बत्ह्याच्या बाजारात मिळाली. तीन दुकानं पालथी घातली. आता वरणभात पुन्हा सुरू.

इथे ऊन बेचाळीसवर गेलंय. बँकेत मात्र एसी इतका की मी स्वेटर घालून बसतो. लोक हसतात. हसू देत.

तर शर्विलराव, शुक्रवारी मेलबर्नला तुमचा पहिला सामना झाला. आईने फोनवर सगळं सांगितलं. सत्तर हजार माणसं, तू ३७ नंबर, आणि दोन गोल. अंडाकृती चेंडू, हाताने फेकायचा नाही तर मुठीने ठोसायचा, आणि झेल घ्यायला दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा देऊन चढायचं, आणि याला तिकडे फुटबॉल म्हणायचं, हा काय खेळ आहे बाबा! आपल्याकडे याला मारामारी म्हणतात. पण दोन गोल म्हणजे दोन गोल.

तुमच्या क्लबची ती रीत, पहिल्यांदा खेळणाऱ्याला त्याच्या बापाने सगळ्या संघासमोर जर्सी द्यायची, ती मला फार आवडली होती. यायचं मनात होतं. पण फोनवर म्हणालो तसं, कफीलने एक्झिट-रीएन्ट्रीवर, जाऊन परत यायच्या परवान्यावर, सही केली नाही. तू नऊ वर्षांचा होईतो इथे राहिलास, तुला ठाऊक आहे, नोकरीला ठेवणाऱ्या कफीलच्या सहीशिवाय इथून कुणाला बाहेर पडता येत नाही. बँकेत नवी सिस्टिम बसतेय, माणसं सोडत नाहीत. दोनदा जाऊन उभा राहिलो. ‘खलास’ म्हणाला आणि फाईल मिटली. आता अशा माणसाशी काय डोकं लावायचं?

जर्सी आईच्या हातून घ्यायला हवी होतीस. बाबा नाहीत तर क्लबचे कपडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातून घेईन, हा कसला हट्ट? हट्टीपणा आईकडून आलाय. (हेमलता, हे वाक्यही वाच.)

तब्येतीला जप. गुडघे सांभाळ.

तुझे
बाबा


रियाध
१७ ऑगस्ट २००७

चि. शर्विल,

ऑपरेशन नीट झालं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणतात वर्षभर मैदान नाही, तर नाही. ऐकायचं. हळदीचं दूध प्यायचं. तोंड वाकडं करायचं नाही.

तुला उल्हासकाकाची गोष्ट मी कधी सांगितली नाही. माझा थोरला भाऊ. इस्लामपुरात त्याच्यासारखा पैलवान नव्हता. मी त्याचा लंगोट आणि तेलाची बाटली घेऊन आखाड्यापर्यंत मागे मागे जायचो. बाविसाव्या वर्षी एका कुस्तीत त्याचा गुडघा उलटा फिरला. तो आवाज मी ऐकलाय. पुढे साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचा. माणसं म्हणायची, अरे, हा तोच का? तू कॉलेज सोडून त्या क्लबच्या करारावर सही केलीस तेव्हा मी फोनवर जे बोललो, ‘मला मुलगा नाही असं समजेन’, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. ते तुला नव्हतं रे. मला समोर उल्हास दिसत होता.

आई सामन्यांच्या सीड्या पाठवते, त्या सगळ्या पाहतो. एका ओळखीच्याकडे टीव्ही मोठा आहे, तिथे बसून पाहतो. सिडनीवाल्यांशी खेळताना तू कुंपणाजवळून मारलास तो गोल मी चार वेळा मागे नेऊन पाहिला.

यंदा तरी येणार का म्हणून तू विचारलंस. बघतो. कफील काही बदललेला नाही. तुम्ही दोघं मेलबर्नला पुढे गेलात, मी दोन वर्षांत मागून येणार होतो, त्याला आता तेरा वर्षं झाली. घर तसंच ठेवलंय. तुझ्या खोलीत इस्त्रीचं टेबल टाकलंय एवढंच.

पाय उशीवर ठेवून झोप.

तुझे
बाबा


रियाध
८ सप्टेंबर २००९

शर्विल,

हे पत्र आईकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून बघ, अक्षर मोठं काढलंय आणि शब्द सुटे सुटे लिहिलेत. आधी तू वाच, मग तिला दे. कुरिअरने पाठवतोय.

रमजान चालू आहे. ऑफिस दोनला सुटतं आणि मला घरी जायला नको वाटतं. आज पत्र लिहायला बत्ह्यात कादिरच्या खानावळीत बसलोय. दुपारी इथे पडदे ओढलेले असतात, आत आम्ही दोघंच. कादिर श्रीवर्धनचा. मागे लिहिलं होतं ना, ओळखीच्याकडे मोठा टीव्ही आहे, तो हा. मी आपल्या घरी सीड्या का लावत नव्हतो, हे तू कधी विचारलं नाहीस. बरं झालं नाही विचारलंस.

आईने तुझ्यावर आलेलं वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. तिसऱ्या ऑपरेशननंतर खेळ सोडला, एकतीस सामने, चोवीस वर्षं वय, आणि तुझा फोटो. छान आलाय. खाली तू पहिल्या सामन्याबद्दल सांगितलंयस. सौदीतल्या दुष्ट मालकाने माझ्या वडिलांना सोडलं नाही. संघातल्या पोरांनी त्या दिवशी त्या मालकाच्या नावाने शिव्या दिल्या आणि म्हणाले, आज तुझ्या बापासाठी जिंकू. आणि जिंकलात.

मी ते कात्रण सात वेळा वाचलं असेल. शर्विल, कफीलने सही केली होती.

पहिल्याच दिवशी केली होती. दोन मिनिटांत. काय काम आहे हेसुद्धा नीट विचारलं नाही, मुलाचा समारंभ एवढं ऐकून ‘मबरूक’, अभिनंदन, म्हणाला. बँकेचा अली, जो आमचे इकामा-व्हिसाचे कागद करतो, त्याने शिक्का मारलेला पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “यल्ला, बेटे के पास जाओ.” तिकीटही काढलं होतं. बुधवारचं.

मग काय झालं ते सांगतो. ऐकायला फार क्षुल्लक आहे.

आपल्या मराठी मंडळाचे अण्णासाहेब, बँकेत माझ्या वरच्या जागेवर आहेत आणि बिल्डिंगमध्ये माझ्या खाली राहतात, म्हणून तुझ्या सीड्या घरी नाही, कादिरकडे. तू कॉलेज सोडलंस तेव्हा मी त्यांना सांगितलंच नाही. कसं सांगणार? त्यांची क्षितिजा मेडिकलला, कुणाचा सीए, कुणाचा आयआयटीत. माझा पोरगा चेंडूमागे पळतो? मी म्हणत राहिलो, शर्विल इंजिनिअरिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला, तिसऱ्या वर्षाला. खोटं बोलण्यातही मी इमानदार, दर जूनला तुला पास करायचो. रजेचा अर्ज पाहून त्यांनी विचारलं, “मेलबर्नला एकदम? काय विशेष?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पदवीदान आहे.” एकविसाव्या वर्षी नाही, विसाव्याच वर्षी पदवी! तरी कुणाला शंका आली नाही. हुशारच म्हणाले.

झालं. अण्णासाहेबांनी मंडळाचा सत्कारच ठरवला. गुणवंत पाल्य. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. “तुम्ही येताना त्या काळ्या झग्यातले फोटो आणा, मोठे करून लावू.” मी दोन दिवस जेवलो नाही. तुझ्याकडे यायचं म्हणजे परत येताना फोटो आणायचे. कुठले आणू? चड्डी-बनियनवर चिखलात लोळतानाचे? मंगळवारी मी तिकीट रद्द केलं. अण्णासाहेबांना म्हणालो, बीपी वाढलंय, डॉक्टर विमानात बसू नका म्हणतात. तुला म्हणालो, कफील.

इथवर वाचलंस तर थोडं थांब. पाणी पी. पुढचं जास्त वाईट आहे.

अण्णासाहेब म्हणाले, जाणं रद्द झालं तरी सत्कार रद्द नको, याच आठवड्यात बापाने स्वीकारावा. वीस मे, शुक्रवार. इथे नमाजानंतर दीड वाजता सगळे जमले. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ, तू मैदानात होतास. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या आणि मी तुझ्या नावाची शाल खांद्यावर घेऊन उभा होतो. स्मृतिचिन्हावर कोरलंय, ‘अभियंता शर्विल देवदत्त घाटगे’. कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. आणि मी बोललो! तू लहानपणापासून किती अभ्यासू, याच्यावर पाच मिनिटं बोललो. तिकडे तुझ्या हातात एका परक्या म्हाताऱ्याने जर्सी दिली, आणि इकडे मी अशा मुलासाठी नारळ घेत होतो जो जगात नाहीच.

उल्हासकाकाचं मागे लिहिलं ते खरं आहे. पण त्याच्या गुडघ्याआड मी लपलो. तुझं मोडेल ही भीती होतीच रे, पण आलो नाही तो त्या भीतीने नाही. लाज वाटली म्हणून आलो नाही. तुझी लाज नाही म्हणत, पण त्या वेळी फरक कळत नव्हता.

तू आठवड्याला फोन करायचास तो महिन्याला झाला, मग सणावारी. मला वाटायचं, दमत असेल. आता वाटतं, कफीलची तीच ती गोष्ट ऐकून कंटाळला असशील. चार वर्षांत मी तुझा एकही सामना समोर बसून पाहिला नाही. आता पाहायला सामना उरला नाही.

कादिरलाही मी सांगितलं होतं की हा ३७ नंबरवाला माझ्या मित्राचा मुलगा. बिचारा दर वेळी माझ्यासाठी चॅनल बंद करून सीडी लावायचा. तुझं कात्रण घेऊन आलो तेव्हा त्याच्यासमोर मला रडू फुटलं. म्हटलं, कादिरभाई, हा माझा शर्विल. तर म्हणाला, “सायब, पयल्या सीडीलाच वळखला. तुमी चालता तसाच चालतो तो, डावा खांदा पाडून. तुमी कदी सांगता म्हून वाट बगत व्हतो.” मग त्याने रोजा असूनही माझ्यासाठी चहा टाकला.

अण्णासाहेबांना गणपतीच्या आरतीनंतर सांगितलं, सगळ्यांसमोर. शाल परत केली. तर म्हणाले, “देवदत्त, मी पाच वर्षं माझ्या पोरीला तुझ्या पोराचं उदाहरण देतोय.” एवढंच. त्यानंतर खाली-वर जाताना बोलत नाहीत. स्मृतिचिन्ह घेईनात, ते माझ्याकडेच आहे.

आता मुद्द्याचं. आई म्हणाली, तीन ऑक्टोबरला क्लबचं जेवण आहे. खेळ सोडणाऱ्यांना त्यांची जर्सी काचेच्या फ्रेममध्ये घालून देतात, आणि कुणाच्या हातून ते खेळाडूने ठरवायचं. तू तिला म्हणालास, “आस्क बाबा. लास्ट टाइम.” हे ऐकून मी त्याच दिवशी अलीकडे गेलो. कफीलने सही केली, या वेळीही दोन मिनिटांत. तिकीट तीस सप्टेंबरचं आहे.

पण तू बोलावलंस ते कफीलने अडवलेल्या बापाला. तो बाप मी नाही, म्हणून यायच्या आधी हे कळवतोय. सोबत जुन्या पासपोर्टच्या त्या पानाची झेरॉक्स आहे. शिक्का बघ, तारीख बघ. आठ मे २००५. अली आणि कफील दोघंही भले आहेत, तेवढं तुझ्या त्या पोरांना सांग.

हे वाचूनही ये म्हणालास तर येतो. कपडे सांभाळणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्याच हातून फ्रेम घे, त्याचा हक्क आहे. मी मागच्या खुर्चीवर बसेन आणि टाळ्या वाजवेन, तेवढं मला येतं. नको म्हणालास तर तिकीट रद्द करायची मला सवय आहे, त्याची चिंता करू नकोस.

फक्त एक कर. मी आलो नाही आणि तिथे कुणी विचारलं, तुझा बाप का नाही आला, तर या वेळी कफीलचं नाव सांगू नकोस. माझं सांग.

देवदत्त घाटगे,
३७ नंबरचा बाप