पलंगाखालच्या एकेचाळीस वह्या

मी, मजकूर तपासणी कार्यालयातील निवृत्त वाचक, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही शंका असेल त्याने पुढे वाचावे.

१. दोन खोल्यांची राहती जागा धाकट्या बहिणीला. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. हे तिला तीस वर्षे सांगते आहे.

२. बँकेतील शिल्लक घरकाम करणाऱ्या बाईंना. इतकी वर्षे पलंगाखाली झाडू घातला, पण एकदाही काही विचारले नाही.

३. खालच्या मजल्यावरचे शेजारी माझ्याकडे कोण येते-जाते ते कार्यालयाला कळवतात. त्यांना माझे भिंग द्यावे. मागच्या खेपेस त्यांनी गॅसवाल्याला कवी ठरवले.

४. पलंग भावाच्या मुलीला. तिने स्वतः येऊन गादी उचलावी, हमाल पाठवू नये. नको म्हणाली, तर वकिलांनी पुढचा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवावा.

या पलंगाला पाय नाहीत. चार कोपऱ्यांना दहा-दहा वह्या आणि एक जास्तीची मध्ये, यांवर तो उभा आहे. लहानपणी सुट्टीत ती त्यावर झोपायची आणि कुरकुरायची, "आत्या, तुझा पलंग हलतो गं."

कार्यालयाचा नियम असा होता: बंदी घातलेले पुस्तक लगदा करायला पाठवण्याआधी आक्षेपार्ह मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवायचा, पानोपानी शिक्का मारायचा आणि वही कायम जपायची. म्हणजे पुस्तक जाणार, आक्षेप राहणार. हे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले. तेव्हापासून जे जे आवडले, त्यावर मी आक्षेप घेतला. टुकार पुस्तके बिनबोभाट मंजूर केली. त्याबद्दल वाचकांची क्षमा मागते. सर्वांत कडक म्हणून मला दोनदा बढती मिळाली. कपाटे भरली तेव्हा वह्या घरी ठेवण्याच्या परवान्यावर साहेबांनी न वाचता सही केली. तो परवाना सोबत आहे.

मग भावाची कादंबरी माझ्या टेबलावर आली. मी पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत आक्षेप घेतला. उतरवायला चार महिने लागले. तो दारात येऊन म्हणाला, "ताई, एक तरी ओळ सोडायची होतीस." जिन्यात शेजारी उभे होते. मी दार लावून घेतले. वर्षभरात तो वारला. त्याच्या मुलीने पंचवीस वर्षे माझे तोंड पाहिलेले नाही.

बाळ, वही तेवीस ते सव्वीस. अक्षर तेवढे माझे. वाच, उतरवून घे, वाटत सूट. बाकीच्या वह्यांचेही तेच कर. कुणी जाळायला आले तर शिक्का दाखव. सरकारी दफ्तर नष्ट करणाऱ्याला सात वर्षे आहेत, आणि ते कलम त्यांनीच केले आहे.

एक ओळ त्यात मिळणार नाही. अर्पणपत्रिका: "ताईस, जिने मला वाचायला शिकवले." आक्षेप घेतला असता तर ती सरकारची झाली असती. ते पान फाडून उशीच्या अभ्र्यात ठेवले आहे. तेविसाव्या वहीच्या आधी चिकटव. डिंक टेबलाच्या खणात आहे.

स्थळ: खिडकीजवळचे टेबल. दिनांक: बारा मार्च, सकाळी अकरा.

सही: तिची आत्या

साक्षीदार:
१. डॉक्टर. यांनी माझी नाडी पाहून सही केली.
२. कार्यालयातील माझे जुने साहेब. हे न वाचताच सही करतात, म्हणून मुद्दाम यांनाच बोलावले.