गळाचा उलटा काटा

मामांना सून शिवकन्येचा पाया पडून नमस्कार.

काल तुमी मासे धरायची काठी माळ्यावर टाकली अन् म्हणले, "पोरी, हाताला जोर न्हाई राहिला. मासा लागतो, पण निसटतो." तुमच्या डोळ्यांत पाणी पाहून मला घास गोड लागला न्हाई.

गळाला पीस बांधायला तुमीच शिकवलं. कोंबड्याच्या मानेचं लाल पीस अन् हळदीत बुडवलेला दोरा, पाण्यावर टाकला की मरळीला वाटावं किडाच पडला. सून सासऱ्याजवळ बसून असली कामं करते म्हणून गल्ली हसली, तरी तुमी ऐकलं न्हाई.

पण माझं माहेर माळकरी. तडफडता मासा बघवेना, म्हणून पीस बांधताना मी पकडीनं गळाचा उलटा काटा, ज्यानं मासा अडकून राहतो तोच, दाबून टाकायची. तुमाला जवळचं दिसत न्हाई, त्याचाच फायदा घेतला. वर्षभर मासे झटका देऊन सुटत राहिले, तुमी आपल्याच हाताला शिव्या देत राहिले, अन् मी समोर बसून पुढचं पीस बांधलं.

आता न्हाई. आज नव्या गळांना पिसं बांधली, काटे शाबूत ठेवले. हा कागद तुमाला देणार न्हाई. रविवारी पूर्णेच्या काठावर तोंडानंच सांगेन. रागवा, महिनाभर बोलू नका, पण काठी धरा. मी खाणार न्हाई, तरी पहिली मरळ मीच कापीन अन् मीच कालवण करीन.

हात तुमचा पक्काच होता, मामा. खोट माझ्या हातात होती.

तुमची,
शिवकन्या