चुलीपासून दिसणारा फोटो

मंगळवार, संध्याकाळ

...त्या सकाळी मी सडा टाकत होते, हे शेताच्या धुऱ्यावर, बांधाकडे, निघाले होते. तेव्हाचा हा फोटो. हे वारले, म्हणून आज आरमोरीच्या स्टुडिओतून तो काळापांढरा मोठा करून आणला, भिंतीवर लावला. समोरून अगदी हेच. पण चुलीपासून पाहिलं तर केस तांबूस चमकतात, चेहरा हरवतो. धूळ समजून पदराने पुसलं. चमक तशीच. स्टुडिओवाल्याला फोन केला.

"बाई, शाईची चमक हाय ते. तिरपं काऊन पाहून राह्यल्या?"

"भाऊ, मी चुलीपाशीच बसतो ना!"

यांचे केस कधी तांबूस होते का? तिथून हे दिसणार नसतील, तर फोटो कशाला?

बुधवार

फोटो परत नेला. बिनचमकीच्या कागदावर काढून घेतला. दुकानात खाली बसून, बाजूने पाहिला, मगच घेतला.